वाया गेलेल्या उत्तराचा माग
डेनिस रिची यांनी 1970च्या दशकारंभी बेल प्रयोगशाळेत घडवलेल्या सी या संगणकभाषेत पदावलीपुढे, म्हणजे किंमत काढणाऱ्या रचनेपुढे, अर्धविराम दिला की तिचे विधान होई; त्यामुळे ‘क्ष = 5;’ऐवजी चुकून ‘क्ष == 5;’ लिहिले गेल्यास नुसती तुलना होऊन तिचे उत्तर वाया जाई आणि क्षची किंमत जुनीच राही. अशा निसटत्या चुका हेरण्यासाठी त्याच दशकात तेथील स्टीफन जॉन्सन यांनी ‘लिंट’ ही, आज्ञावली न चालवता तिची संहिता तपासणारी, प्रणाली रचली. कपड्यावरच्या तंतूंच्या कचऱ्यावरून तिला हे नाव मिळाले. लिंटने दाखवलेल्या ओळीचा हेतू ओळखून चिन्ह सुधारणे, निरर्थक ओळ काढणे किंवा उत्तर जाणूनबुजून सोडल्याचे ‘व्हॉइड’ या शब्दाने नोंदवणे, ही मोलाची शिस्त पुढे रुजली.