रिकोशे म्हणजे टप्पा

गेल्या महिन्यात फायरिंगच्या वेळी आमच्या एका जवानाच्या गालाला गोळीचा तुकडा चाटून गेला. तीन टाके पडले, थोडक्यात निभावलं. संध्याकाळी साताऱ्याहून त्याच्या आईचा फोन. पहिलाच प्रश्न, "साहेब, गोळी कुणी मारली त्याला?"

"कुणी मारली नाही ताई, रिकोशे झाली."

पलीकडे शांतता. मग म्हटलं, "गोळी दगडावर आपटली आणि टप्पा घेऊन मागे आली." तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला.

एनडीएत असताना खडकवासल्याच्या पाण्यावर आम्ही चपटे दगड फेकून टप्पे मोजायचो. फ्रेंच लोक त्या खेळातल्या टप्प्यांनाही रिकोशेच म्हणतात. तोफांच्या कामात ही युक्ती आणली व्होबां या फ्रेंच इंजिनिअरने. १६८८ मध्ये फिलिप्सबुर्गच्या वेढ्यात त्याने तोफेत दारू मुद्दाम कमी भरली. गोळा तटाचा कठडा जेमतेम ओलांडायचा आणि आत टप्पे घेत तोफांचे गाडे आणि माणसं मोडत जायचा. १६९७ मध्ये आत या किल्ल्यासमोर त्याने हीच रीत पक्की केली.

सध्या पोस्टिंग बंगळुरूत. रविवारी के. आर. मार्केटजवळच्या किल्ल्यात गेलो. आता दिल्ली दरवाजा आणि थोडा तट एवढंच उरलंय. २१ मार्च १७९१ च्या रात्री कॉर्नवॉलिसच्या फौजेने हा किल्ला टिपूकडून घेतला, किल्लेदार बहादूरखान लढता लढता पडला. त्या आधी तटाला खिंडार पाडलं होतं. खिंडाराला एकाच जागी सरळ मारा लागतो. रिकोशेचं काम वेगळं, तटावरच्या तोफा गप्प करण्याचं. त्याच दिवसांत परशुरामभाऊ पटवर्धनांचं मराठी सैन्य धारवाडच्या किल्ल्याला वेढा घालून बसलं होतं.

आपल्या मराठीत 'टप्पा' म्हणजे उसळी, आणि 'तोफेच्या टप्प्यात' म्हटलं की मारा पोचेल तेवढं अंतर. हे दोन्ही अर्थ रेंजवर एकत्र लक्षात ठेवावे लागतात. गोळी पहिल्यांदा जिथे लागते तिथे तिचा प्रवास संपतोच असं नाही. कडक जमिनीवर किंवा पाण्यावर तिरकी लागली तर ती उसळते, गिरक्या खात जाते आणि कुठे जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून तर बटच्या मागेही लांबवर माणूस फिरकू देत नाहीत.

व्होबांचा टप्पा हिशेबाने घेतलेला होता. आमचा अपघाताने. पण अहवालात नुसतं 'रिकोशे' लिहिलं की दोष कुणाचाच उरत नाही, तो शब्द सगळं झाकून टाकतो. त्या आईला मी 'दगडावर आपटली' म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर तोच शब्द मला टोचत राहिला. बटच्या मातीत दगड राहिला कसा? ती माती तपासून घेणं माझं काम होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटची माती चाळायला घेतली. दोन घमेली दगड निघाले. अहवालात तेही लिहिलं.