दुसऱ्या किल्लीचा इतिहास

ज्याच्या हाती किल्ली त्याच्या हाती खजिना, ही जाणीव मनुष्यास फार पूर्वीपासून असल्यामुळे, मूळ किल्लीची नक्कल कोणी व कोणाच्या हुकमाने करावी, हा प्रश्नही कुलपाइतकाच पुरातन आहे. प्राचीन मिसर देशातील लाकडी कुलपांत खुंट्या खाली पडून अडसर रोखून धरीत आणि दातेरी किल्लीने त्या उचलताच तो मोकळा होई. हेच तत्त्व अमेरिकेतील धाकट्या लायनस येल यांनी १८६१ व १८६५ च्या पेटंटांद्वारे धातूच्या लहानशा नळकांड्यात बसविले, आणि त्यांची चपटी किल्ली पुढे यंत्रावर कापता येऊ लागल्याने, कारागिराच्या कानशीवर विसंबलेले काम बाजारात सर्वांस सुलभ झाले. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपांचा उद्योग आरंभिला, तेव्हा या विद्येस येथेही कारखान्याचे अधिष्ठान लाभले.

आज विजेच्या सायकलीची लिथियम-आयन बॅटरी, वाहनाच्या किमतीचा मोठा हिस्सा तिच्यातच असल्याने, सांगाड्याला अशाच लहान कुलपाने जखडलेली असते. अशा अनेक किल्ल्यांवर कोरलेला क्रमांक हा त्यांच्या दात्यांचा दाखलाच होय. तो दप्तरी नोंदविलेला असेल, तर मूळ किल्ली गहाळ झाली तरी पुष्कळदा नवी घडविता येते. म्हणून वाहन घेताच तो क्रमांक टिपून ठेवावा आणि दुसरी किल्ली पहिली हाती असतानाच करवून घ्यावी. मालकीचे रक्षण करणाऱ्या या प्राचीन कलेचा खरा लाभ अशा दूरदर्शी माणसासच होतो.