डिस्क दिसत नाही तेव्हा : प्रस्तावना

लिनक्स सुरू होता होता थांबतो, रूट फाइलसिस्टिम माउंट करता आली नाही अशी ओळ काळ्या पडद्यावर उमटते आणि समोरच्या माणसाला वाटते, डिस्क गेली. पुष्कळदा ती गेलेली नसते. डेटा जागच्या जागी असतो. कर्नलला तिथवर पोचता आलेले नसते. ही वाट नेमकी कुठे तुटली ते शोधणे, हा या क्षेत्राचा विषय. इथे येणाऱ्याला सी भाषेत ड्रायव्हर लिहिता यायलाच हवा असे नाही. लॉग सावकाश वाचायची तयारी मात्र हवी.

वाट लांब आहे. आधी पीसीआय बसवर कंट्रोलर दिसावा लागतो, मग त्याच्या ओळख क्रमांकाशी जुळणारे मॉड्यूल लोड व्हावे लागते. पुढे केबलवरची लिंक जुळते, स्कझी थरातून ‘एसडीए’सारखे नाव तयार होते आणि फाइलसिस्टिमची पाळी सगळ्यात शेवटी येते. खोट कुठल्याही टप्प्यावर असो, वापरणाऱ्याला लक्षण एकच दिसते. म्हणून तपास कंट्रोलरपासून वर करत जावा, असा माझा आग्रह आहे.

एक उदाहरण जवळून पाहू. २०१९ साली रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ आले आणि एलएसआयच्या सॅस-२००८ चिपवरची, सर्व्हरमध्ये सर्रास दिसणारी कार्डे इन्स्टॉलरला दिसेनाशी झाली. ‘एलएसपीसीआय’ला ‘एनएनके’ हे पर्याय देऊन पाहिले तर कार्ड हजर, क्रमांक १०००:००७२. फक्त कोणता ड्रायव्हर वापरात आहे ते सांगणारी ओळ गायब. कार्ड ठणठणीत, ‘एमपीटी३सॅस’ हे मॉड्यूलही कर्नलमध्ये होते. रेड हॅटने त्या मॉड्यूलच्या यादीतून हा क्रमांक वगळला होता, एवढेच. मूळ कर्नलमध्ये तो आधार कायम होता आणि ईएलरेपो या स्वतंत्र पॅकेज-भांडाराने तो परत देणारे मॉड्यूल उपलब्ध केले. ड्रायव्हरची ती ओळ गायब आहे हे पाहिले नाही, तर माणूस चांगले कार्ड भंगारात काढतो.

दुसरा पेच इनिटरॅमएफएसचा. ड्रायव्हर डिस्कवर आणि डिस्क उघडायला ड्रायव्हर हवा, म्हणजे किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. म्हणून गरजेची मॉड्यूल्स एका छोट्या प्रतिमेत बांधून कर्नलबरोबर मेमरीत चढवतात. फेडोरा घराण्यात ड्रॅकट नावाचा प्रोग्रॅम ही प्रतिमा सहसा त्याच यंत्रापुरती बांधतो. डिस्क काढून वेगळ्या कंट्रोलरच्या यंत्रात लावली की अमुक यूयूआयडी सापडत नाही, अशी तक्रार येते. तेव्हा बूट मेनूतली ‘रेस्क्यू’ नोंद निवडावी. तिच्या प्रतिमेत सगळ्या यंत्रांसाठीची मॉड्यूल्स असतात. आत शिरल्यावर ड्रॅकट पुन्हा चालवला की काम झाले.

जुने सल्ले साल पाहून वाचावेत. ‘एचडीए’ ही नावे जुन्या आयडीई व्यवस्थेची. जेफ गार्झिक यांच्या लिबएटीएने तिची जागा घेतली आणि २०२१ मध्ये कर्नल ५.१४ मधून ती व्यवस्था काढूनच टाकली गेली.

ड्रायव्हरवर नाहक आळ येतो तो बहुधा केबलमुळे. लॉगमध्ये ‘बॅडसीआरसी’ दिसते, लिंक पुन्हापुन्हा रीसेट होते, वेग कमी केल्याची नोंद पडते. जोडीला ‘स्मार्ट’ या डिस्कच्या स्वनिरीक्षण नोंदींमधला १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल, तर आधी केबल बदला. आणि वाट भरवशाची झाल्याशिवाय डिस्कवर एफएससीके चालवू नका. चुकीचे वाचणाऱ्या वाटेवरून केलेली दुरुस्ती शाबूत फाइलींची वाट लावू शकते. या विषयातली सगळ्यात महागडी चूक हीच.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी एक करा. आपले यंत्र धडधाकट असताना ‘एलएसपीसीआय’ आणि ‘डीमेसेज’ यांची पूर्ण उत्तरे फाइलीत उतरवून ती दुसऱ्या यंत्रावर ठेवा. पुढची सगळी प्रकरणे वाचताना ती शेजारी उघडी असावीत.