काट्याने दाखविलेले शिपाई

पायात काटा मोडला, की दुसऱ्या दिवशी ठणका लागतो, पू धरतो. हा पू म्हणजे एका लढाईचे रणांगण आहे, हे जगाला पटवून दिले रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी. आणि तेही काट्याच्याच साहाय्याने!

१८८२ सालचा डिसेंबर. सिसिली बेटावरील मेसिना गाव. घरची मंडळी सर्कशीला गेलेली. मेचनिकॉफ एकटेच सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाची पारदर्शक पिले न्याहाळीत होते. त्यांच्या अंगात हिंडणाऱ्या पेशी पाहून मनात आले, हे शरीराचे पहारेकरी तर नसतील? बागेतले गुलाबाचे काटे आणून त्यांनी पिलांच्या अंगात खुपसले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी पाहतात तो काय, पेशींनी काट्याला वेढा घातलेला!

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही अशाच जंतूंना गिळतात, असे ते सांगू लागले. पण त्या पेशी उलट जंतूंना अंगभर पसरवितात, असे त्या काळचे बरेच पंडित मानीत. पुढे जर्मन शास्त्रज्ञांनी रक्तरसातील द्रव्यांचा पक्ष घेतला आणि वाद वर्षानुवर्षे रंगला. १९०३ साली इंग्लंडात राइट आणि डग्लस यांनी दाखविले, की रक्तरस जंतूंना जणू चटणी लावतो आणि मग पेशी त्यांना सहज गिळतात. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ व रक्तरसपक्षाचे पॉल एर्लिख यांना विभागून मिळाले.

मला या कथेत मोलाचे वाटते ते हेच. भांडत होते ते पंडित. शरीरात मात्र दोन्ही पक्ष कधीपासूनच खांद्याला खांदा लावून लढत होते.