‘सलाईन’ या एका शब्दात दडलेल्या बाटल्या
शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रत्येक द्रवाला एकच नाव आहे : सलाईन. प्रत्यक्षात बाटलीत नॉर्मल सलाईन असेल, रिंगर लॅक्टेट असेल किंवा डेक्स्ट्रोज. सिकलसेलच्या वेदनांनी तळमळणाऱ्या मुलासाठी यांतील कोणती बाटली निवडावी, हा प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाही. आजचा थ्रेड त्याविषयी.

१८३२. कॉलऱ्याच्या साथीत स्कॉटलंडमधील लीथ येथे डॉ. थॉमस लाटा यांनी मरणासन्न रुग्णांच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले. ‘सलाईन लावण्या’ची परंपरा तेथून सुरू होते.

सिकलसेलची वैद्यकीय नोंद १९१० ची, शिकागोच्या जेम्स हेरिक यांची. भारतातली १९५२ ची, निलगिरीतील आदिवासींमधली. या आजारात प्राणवायू घटला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. पेशीतले पाणी आटले तर ही क्रिया अधिकच वेगाने घडते. त्यातच या रुग्णांच्या मूत्रपिंडांची पाणी राखण्याची शक्ती क्षीण झालेली असते. म्हणून पाणी द्यायचे, हे ठरले. पण कोणते, आणि किती?

‘किती’चे गणित हॉलिडे व सेगर यांनी १९५७ मध्ये मांडले : पहिल्या १० किलो वजनाला किलोमागे दिवसाला १०० मि.ली., पुढच्या १० किलोंना ५०, त्यापुढे २०. ते आजही वापरात आहे. मात्र त्यांच्या द्रवात सोडियम कमी होते. आजारी मुलाचे शरीर पाणी धरून ठेवते. रक्तातले सोडियम उतरते, मेंदूला सूज येते. मुले दगावलीही. अखेर २०१८ मध्ये अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने रक्ताच्या तोडीचे क्षार असलेले द्रव सुचवले.

मग नॉर्मल सलाईनच द्यावे? त्यात लिटरमागे १५४ एकक सोडियम असते, रक्तात सुमारे १४०. नाव मात्र ‘नॉर्मल’! २०१७ च्या प्रयोगशाळेतील निरीक्षणात या द्रवाने सिकल पेशी अधिक ताठर झाल्या. २०२४ मध्ये अमेरिकेतील प्रौढ रुग्णांच्या नोंदींत रिंगर लॅक्टेट काहीसे सरस दिसले. पण प्रौढांचा निष्कर्ष मुलांना जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय द्रव अति झाला तर फुप्फुसांवर बेतते. त्यामुळे मूल पिऊ शकत असेल तर आधी तोंडानेच पाणी, अन्यथा मोजून बाटली.

ज्या शहापुरातून तानसा-भातसाचे पाणी मुंबईला जाते, तिथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तोंडाने द्यायचे पाणीही तिथे मोजूनच असते.