मद्यासक्तीची प्रवणता व मेंदूतील विद्युत् तरंग

मद्यासक्ती काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या आढळते, ही गोष्ट फार पूर्वीच लोकांच्या ध्यानात आली होती. मात्र ती रक्तातून येते की घरातील वळणातून, याचा निर्णय दीर्घकाळ झाला नाही. मद्यासक्ताच्या मेंदूत दिसणारा दोष हे मद्यपानाचे कारण की परिणाम, हेही सांगता येत नसे.

हान्स बेर्गर या जर्मन मानसचिकित्सकांनी येना येथे १९२४ मध्ये मानवी मेंदूतील तरंगांचा आलेख प्रथम घेतला व १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९६५ मध्ये सॅम्युएल सटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विशिष्ट तरंगाचे वर्णन केले. एकसारखे ध्वनी ऐकविताना मध्येच निराळा ध्वनी आला, म्हणजे सु. ३०० मिलिसेकंदांनी आलेखावर धन शिखर उमटते. यास ‘पी-३००’ म्हणतात.

ब्रुकलिन (न्यूयॉर्क) येथील हेन्री बेग्लायटर यांनी वरील कोडे सोडविण्यासाठी या शिखराचा मोठ्या कल्पकतेने उपयोग केला. मद्यासक्त पित्यांच्या ७ ते १३ वर्षे वयाच्या मुलग्यांची त्यांनी तपासणी केली (१९८४). या मुलांचा मद्याशी संबंध आलेला नव्हता. तरीही इतर मुलांच्या मानाने त्यांच्या शिखराची उंची कमी भरली. ही उणीव त्यांच्या स्वतःच्या मद्यपानाने आलेली नव्हती, एवढे तरी यावरून निश्चित झाले. बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिका विज्ञान संस्थेतील विवेक बेनेगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये, मद्यासक्तांच्या निकटच्या पुरुष नातेवाइकांत धोका जसजसा अधिक तसतशी ही उंची कमी, असे दाखविले. त्यानंतर बीटा तरंगांचे आधिक्य व चौथ्या गुणसूत्रावरील जीन यांचाही संबंध आढळून आला.

तथापि उंची कमी म्हणून मुलगा मद्यपी होणार, असे म्हणता येत नाही. छिन्नमानस, अतिचापल्य इ. विकारांतही ती कमी असते. एखाद्या शाळकरी मुलावर आलेख पाहून शिक्का मारणे केवळ अशास्त्रीयच नव्हे, तर घातकही होय.

शिवाय प्रवणता प्रकट होण्यास मद्य मिळावे लागते. परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तेथे आबकारी हे महसुलाचे एक प्रमुख साधन असून शिंदीची व दारूची दुकाने परवान्याने चालत. मुंबई राज्यात मात्र १९४९ च्या कायद्याने दारूबंदी लागू झाली. एकाच घराण्याची एक शाखा परभणीस व दुसरी पुण्यास असती, तर दोन्हींकडील मुलांचे आलेख कदाचित सारखेच निघाले असते. घराबाहेरची परिस्थिती मात्र अगदी भिन्न होती.