मोटारीच्या दोषाचें निदान : कानापासून मापापर्यंत

बोरिवलीच्या पश्चिमेस खाडीपलीकडे गोराई हें गांव आहे. खाडी ओलांडण्यास होडी मिळते. मोटारीस मात्र भाईंदर व उत्तन या मार्गानें वळसा घालून यावें लागतें. एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस अरबी समुद्र, आणि वाऱ्यांत मिठाचा अंश. अशा ठिकाणीं मोटारीचें इंजिन एकाएकीं अडखळूं लागलें, एक्सिलरेटर दाबूनहि वेग चढेना, तर गाडी ओढून नेण्याचा मार्गहि लांबचा. म्हणून दोष बिनचूक ओळखणें हा केवळ कारागिराचा प्रश्न राहत नाहीं. गृहस्थाच्या खर्चाचा व गाडींत बसलेल्या मुलामाणसांच्या सुरक्षिततेचाहि तो प्रश्न होतो. ही ओळखण्याची विद्या कशी पालटत गेली, याचा इतिहास बोधप्रद आहे.

इंजिनास किती हवा द्यावयाची हें ठरविणाऱ्या झडपेस थ्रॉटल म्हणतात. हवेच्या नळींत बसविलेली ती एक गोल, पातळ तबकडी. चालकानें पाय दाबला कीं ती फिरते व वाट मोकळी होते. कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यांतून निघालेल्या फियाट व पुढें पद्मिनी या गाड्यांत हवा व पेट्रोल यांचें प्रमाण कार्बोरेटर सांभाळी. वाहत्या हवेच्या ओढीनेंच पेट्रोल बारीक छिद्रांतून खेचलें जाई. बिघाड झाला तर मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐके, धुराचा रंग पाही, स्पार्क प्लगवरील काजळी न्याहाळी, आणि एखादा स्क्रू अर्धा वेढा फिरवून निदानाची परीक्षा करी. पद्मिनी टॅक्सी २०२३ सालच्या ऑक्टोबरांत मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. कानाचें तें शास्त्र त्यापूर्वींच मागें पडूं लागलें होतें.

नव्या पद्धतीचें बीज मात्र फार जुनें आहे. १८४१ सालीं पोगेनडॉर्फ या जर्मन शास्त्रज्ञानें विद्युद्दाब मोजण्याचें जें साधन रचलें, तें पोटेन्शिऑमीटर या नांवानें प्रसिद्धीस आलें. शाळेच्या प्रयोगशाळेंत फळीवर ताणलेली तार व तिच्यावर सरकणारा स्पर्शक ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस त्याचें तत्त्व ठाऊकच आहे. जुन्या रेडिओचा आवाज लहानमोठा करणारी खुंटी हीहि त्याच कुळांतील. १९६७ सालीं बॉश कंपनीनें फोक्सवॅगन मोटारीसाठीं विजेच्या नियंत्रणाखालीं पेट्रोल फवारण्याची योजना बाजारांत आणली. तींत थ्रॉटलची स्थिति कळविण्यास एक कळ जोडलेली होती. पुढें पोटेन्शिऑमीटर तेथें वापरांत आला आणि तबकडी किती उघडली हें संगणकास क्षणोक्षणीं कळूं लागलें. हाच थ्रॉटल पोझिशन सेन्सर.

भारतांत हा पालट धुरानें घडविला. १९९९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें राजधानीच्या प्रदेशांतील नव्या मोटारींस युरोपीय मर्यादा लागू केल्या. २००० सालीं धुराचे नवे नियम देशभर आले. कार्बोरेटरला इतकें काटेकोर प्रमाण राखणें झेपेना, आणि मोटारींत संगणक शिरला. २०१० पासून मोटारीनें आपला बिघाड स्वतः नोंदवावा असा दंडकहि टप्प्याटप्प्यानें अमलांत आला.

येथूनच नवा घोटाळा सुरू झाला. स्कॅनर जोडतांच पडद्यावर 'पी ०१२२' असा संकेत उमटतो. त्याचा अर्थ एवढाच कीं, थ्रॉटल सेन्सरच्या सर्किटमधून येणारा विद्युद्दाब अपेक्षेपेक्षां कमी आहे. 'पी ०१२३' म्हणजे अधिक. सेन्सरच बिघडला, असें संकेत सांगत नाहीं. तरीहि घाईनें सेन्सर बदलला जातो, पैसे खर्च होतात, आणि कांहीं दिवसांनीं इशाऱ्याचा दिवा पुन्हां पेटतो. सर्किटमध्यें सेन्सर, त्याच्या तारा, तारांचा जोड आणि संगणक हे सारेच येतात.

जाणता मिस्त्री चावी फिरवून, इंजिन सुरू न करतां, मल्टिमीटर लावतो. तीन तारांच्या साध्या सेन्सरांत एका तारेवर सुमारें ५ व्होल्ट आले पाहिजेत. ते न आल्यास सेन्सर निर्दोष असूं शकतो. दुसरी तार अर्थची. तिच्यावर जवळजवळ शून्य हवें. तिसरी तार थ्रॉटलची स्थिति सांगते : झडप बंद असतां सामान्यतः अर्धा ते एक व्होल्ट, पूर्ण उघडतां साडेचारच्या आसपास. झडप सावकाश उघडतांना हा आंकडा अखंड चढला पाहिजे. तो मध्येंच कोसळला तर स्पर्शकाखालचा पट्टा झिजला असें समजावें. जुन्या रेडिओची खुंटी फिरवितांना खरखर होते, तसाच हा आजार. सेन्सरपाशीं आंकडा योग्य, पण स्कॅनरवर कमी दिसला, तर मधली तार किंवा जोड तपासावा. जोड हालवितांच आंकडा नाचूं लागला तर दोष तेथेंच सांपडतो. खाऱ्या, दमट हवेंत जोडाच्या पिनांवर हिरवट कीट चढतें; म्हणून गोराईसारख्या किनाऱ्यावर हा जोड आधीं उघडून पाहणें शहाणपणाचें.

आतांच्या बहुतेक नव्या मोटारींत एक्सिलरेटरपासून थ्रॉटलपर्यंत ओढण्याची तार जातच नाहीं. एक लहान विद्युत् मोटर झडप फिरविते. अशा योजनेंत झडपेची स्थिति दोन स्वतंत्र मार्गांनीं मोजली जाते. दोन्ही मापांचा मेळ बसला नाहीं तर संगणक इंजिनाची शक्ति आंवरतो, म्हणजे गाडी अनावर होत नाहीं. यंत्र रचणाऱ्यांनींहि एकाच साक्षीवर विश्वास ठेवलेला नाहीं.

जुना मिस्त्री निदान केल्यावर तें पडताळून पाही. साधनें बदललीं तरी ही रीत सोडण्याचें कारण नाहीं. म्हणून सेन्सर बदलण्यास संमति देण्यापूर्वीं गृहस्थानें एवढेंच विचारावें : तारांवर किती व्होल्ट आले, आणि जोड उघडून पाहिला काय? ज्या मिस्त्रीपाशीं या प्रश्नांचीं उत्तरें तयार असतील, त्याच्या हातीं गाडी निर्धास्तपणें सोंपवावी.